पंखावरच्या पट्ट्या उभ्या राहतात तेव्हा

मुंबईहून बेंगळुरूला जाताना पंखामागची खिडकी मिळाली, तर उतरताना एक दृश्य हमखास दिसते. चाके धावपट्टीला टेकताच पंखाच्या पाठीवरच्या पट्ट्या ताडकन उभ्या राहतात, आतले दांडे उघडे पडतात. पंख मोडला, असे वाटून नवखा प्रवासी घाबरतो. मोडलेले काहीच नसते. एअरबस ए-320 च्या प्रत्येक पंखावर असे पाच स्पॉयलर असतात. काळजी करायची तर ते उघडले नाहीत तेव्हा.

वारा अडवून विमान थांबवणे हेच त्यांचे काम, हा समज त्याहून घट्ट रुजलेला आहे. वारा ते अडवतातच, पण खरे काम वेगळे. टेकताना विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो आणि पंख त्याला अजून वर उचलतच असतात. चाकांवर भार नसेल तर ब्रेक दाबून टायर नुसते घसरतात. स्पॉयलर पंखावरचा हवेचा प्रवाह विस्कटतात, उचलणारे बल कोसळते आणि वजन चाकांवर येते. 1 जून 1999 च्या वादळी रात्री अमेरिकेत लिटल रॉकला उतरलेल्या विमानाचे स्पॉयलर उघडलेच नाहीत. एरवी वजनाचा सुमारे 65 टक्के भार चाकांवर आला असता. तो जेमतेम 15 टक्के राहिला. विमान धावपट्टीपुढे गेले आणि 11 जण दगावले.

बेंगळुरूचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 915 मीटर उंचावर आहे. तिथल्या विरळ हवेत, बाकी सारे मुंबईसारखेच असले तरी, विमान चार-पाच टक्के जास्त वेगाने टेकते आणि जिरवायची ऊर्जा जवळपास नऊ टक्क्यांनी वाढते. धावपट्ट्या चार-चार हजार मीटरच्या आहेत म्हणून हा फरक प्रवाशाला जाणवत नाही.

हवेत असताना स्पॉयलर बंदच असतात, हेही खरे नाही. लवकर खाली यायचे असेल तर ते थोडे उघडतात. अंगाला जाणवणारी थरथर बहुधा त्यांचीच. वळताना आतल्या बाजूच्या पंखावरचेच उचलले जातात.

मग वैमानिकाच्या हातून ते भलत्या वेळी पूर्ण उघडले तर? 5 जुलै 1970 रोजी टोरांटोला तसे घडले. एअर कॅनडाचे डीसी-8 धावपट्टीपासून सुमारे 18 मीटरवर असताना सहवैमानिकाने स्पॉयलर सज्ज ठेवण्याऐवजी उघडले. विमानातले सर्व 109 जण गेले. आजच्या ए-320 मध्ये मुख्य चाके जमिनीला टेकली आहेत आणि इंजिनांचे दांडे मागे ओढलेले आहेत, याची खात्री संगणक करून घेतो. तोवर पाचही पट्ट्या पूर्ण उभ्या राहत नाहीत.