नाडी ४४

“डॉक्टर, पोरीला जेवणच जाईना. एखादी सलाईन लावा ना,” खुर्चीत बसायच्या आधीच आई बोलली. मे महिना, श्रीरामपुरात ऊन मी म्हणत होतं, डोक्यावर पंखा गरगरत होता आणि एकोणीस वर्षांची मुलगी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसलेली. पोलीस भरतीची तयारी करायची, पहाटे उठून धावायची. पाच महिने पाळी नव्हती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मनगट हातात घेतलं, तर गार. नाडी पूर्ण मिनिटभर मोजली: ४४. रोज धावणाऱ्यांची नाडी मंद असते, हे खरं. पण मे महिन्यात त्यांचे हात असे गार पडत नाहीत, आणि उठून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. बाही वर सरकवली, तर दंडावर तान्ह्या बाळाला असते तशी बारीक लव.

आमच्याकडे हा आजार ‘मला जाड व्हायची भीती वाटते’ असं सांगत येत नाही. गॅस, पित्त, अशक्तपणा अशी नावं घेऊन येतो. उपवासाआड तर बेमालूम लपतो: सोमवार, गुरुवार, चतुर्थी, मग नवरात्र. उपवासाला माझी हरकत नाही; पण घरचे सगळे उपवास सोडतात आणि एकटीच सोडत नाही, तिथे थांबून विचारायला हवं. मीही चुकलो होतो. महिन्याभरापूर्वी हीच मुलगी आली तेव्हा हिमोग्लोबिन बरं दिसलं म्हणून भुकेचं सिरप लिहून मी तिला घरी पाठवलं होतं. वजन केलंच नव्हतं.

या वेळी केलं. आधी लघवीला जाऊन यायला सांगितलं, कारण पोटभर पाणी पिऊन काट्यावर चढणारी मुलं मी पाहिली आहेत. आकडा दिसू नये म्हणून पाठमोरी उभी केली. चार महिन्यांत नऊ किलो उतरले होते.

आईला बाहेर बसवलं, नर्सताईंना थांबवून घेतलं. “दिवसभर डोक्यात खाण्याचाच विचार चालतो का गं?” ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. बोटांच्या मागच्या सांध्यांवर घट्टे नव्हते, दात झिजलेले नव्हते. बोटं घालून उलटी काढत नसावी. बऱ्याच वेळाने म्हणाली, “घरात सगळ्यांना मीच वाढते, सर. त्यांनी पोटभर खाल्लं की मला बरं वाटतं.”

लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ साली या आजाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिलं. अंगात काही उरलेलं नसताना चाललेली धावपळ आणि मंद नाडी त्यांनीही टिपली होती.

सलाईन मी लावली नाही, आणि आईला ते पटेना. उपाशी शरीरात ग्लुकोजच्या सलाईनमधून एकदम साखर गेली की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, हृदयाचा ठोका चुकतो. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेले काही भुकेले कैदी पोटभर जेवण मिळाल्यावरच दगावले. आधी ईसीजी, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम, मग थायमिन, मग थोडंथोडं वाढवत अन्न. हे काम वॉर्डातलं. बाभळेश्वरमार्गे लोणीच्या प्रवरा रुग्णालयात चिठ्ठी देऊन पाठवलं. तिथे मेडिसिन आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत.

गल नातेवाइकांना लांब ठेवायला सांगत. आज या वयाच्या मुलांच्या उपचारात आईबापांना सोबत घेतलं जातं. घरी आल्यावर तीन जेवणं आणि मधली तीन खाणी ठरली. आई समोर बसायची. ओरडायची नाही, विनवायची नाही, पण ताट संपेपर्यंत उठायचीही नाही. नंतर अर्धा तास दोघी मिळून शेंगा फोडायच्या, भाजी निवडायच्या. धावणं बंद. याच गोष्टीवर ती सर्वांत जास्त रडली. दर आठवड्याला पाठमोरं वजन. दोन आठवडे ते उलट उतरलं. आठव्या महिन्यात पाळी आली. परवा नाडी ६६ होती.

तुमच्या घरात कुणी जेवायच्या वेळी रोज नवं कारण काढत असेल, मुलगा असो की मुलगी, तर त्याला रागावू नका आणि टॉनिकही आणू नका. दवाखान्यात न्या, वजन, नाडी आणि उभं राहिल्यावरचं ब्लडप्रेशर मोजायला सांगा. कुणाशी बोलावं हे सुचत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.