दहावीनंतर पुढे काय? मार्कांइतकीच दाखल्यांची फाईलही महत्त्वाची

मुदखेड : घरात याआधी कोणी कॉलेजला गेलेले नसेल, तर दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी हे सांगणारेही कोणी नसते. मुदखेड तालुक्यातील शेतमजूर, अल्पभूधारक आणि मागासवर्गीय कुटुंबांतील अनेक मुलांची अडचण इथूनच सुरू होते. मार्क चांगले मिळतात. पण एखादा विषय सुटतो किंवा दाखला वेळेत मिळत नाही आणि हाती आलेली जागा जाते. हे टाळायचे कसे?

मार्ग कोणते?

• अकरावी : २०२५-२६ पासून राज्यभरातील प्रवेश ऑनलाइन झाले आहेत. विज्ञान शाखेत गणित सोडले तर अभियांत्रिकी आणि जीवशास्त्र सोडले तर नीटची वाट अवघड होते. विषय विचार करूनच निवडावेत.

• डिप्लोमा : दहावीच्या मार्कांवर प्रवेश, वेगळी सीईटी नाही. तीन वर्षांनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. नांदेडला शासकीय तंत्रनिकेतन आहे.

• आयटीआय : इलेक्ट्रिशियन, फिटर यांसारखे ट्रेड दोन वर्षांचे. लवकर कमाईची गरज असलेल्यांना सोयीचे.

जात वैधता कधी काढायची?

राखीव जागेवर अभियांत्रिकी, वैद्यकीयसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा, तर जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्रही लागते. ते मुदतीत सादर झाले नाही तर प्रवेश धोक्यात येतो. त्यासाठी अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करणे चांगले.

पुरावा मात्र जुना लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्या जमातींसाठी १९६१ आणि ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचा. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा यात कामाचा ठरतो. मराठवाड्यात निजामकाळातील अनेक नोंदी उर्दूत आहेत. त्या शोधून भाषांतर करून घेण्यात वेळ जातो.

खर्चाचे काय?

• मुलींना सवलत : ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही.

• स्वाधार योजना : अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवणासाठी रक्कम बँक खात्यात जमा होते.

• शिष्यवृत्ती : मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. बँक खाते आधारशी जोडलेले हवे.

• आठवीतच संधी : एनएमएमएस परीक्षेतून निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात.

आधी काय करावे?

जातीचा आणि रहिवासाचा दाखला दहावीच्या वर्षात, दिवाळीच्या सुट्टीतच काढावा. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि बँक पासबुकावर नावाचे स्पेलिंग सारखे आहे का, हेही तपासावे. निकालानंतर सेतू केंद्रात गर्दी होते आणि तेव्हा हातात दिवस थोडे असतात.