डोंगर ते खाडी : पावण्याच्या उतारावरची नवी मुंबई

ठाण्याहून वाशी-नेरुळकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलला घणसोलीनंतर कोपरखैरणे लागतं आणि त्यानंतर थेट तुर्भे. पावणे या दोन स्थानकांच्या मधे आहे. तिथे स्थानक नाही, त्यामुळे डब्यातल्या उद्घोषणेत त्याचं नावही येत नाही. नवी मुंबईबाहेरच्या माणसाच्या कानावर पावणे पडतं ते बहुधा ‘पावणे एमआयडीसी’ म्हणून, आणि तेही एखाद्या कारखान्याला आग लागली की. मे २०२२ मधल्या अशाच आगीत कामगारांचे जीव गेले, तेव्हा दोन-चार दिवस हे नाव सगळ्या वर्तमानपत्रांत होतं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा मागे पडलं.

नवी मुंबईची ओळख करून देताना लोक वाशीच्या खाडीपुलापासून सुरुवात करतात, म्हणजे मुंबईकडून आत येतात. हे शहर कसं झालं ते समजायला मला दुसरी वाट अधिक उपयोगी वाटते. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाणे खाडी. पावण्याच्या रेषेत या दोहोंमधलं अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर. डोंगरावर पडलेलं पाणी एवढ्याच वाटेने समुद्राला मिळतं. खाणी, कारखाने, ठाणे-बेलापूर रस्ता, गावठाण, रेल्वे, सिडकोची वसाहत आणि शेवटी तिवरांचं रान हे सगळं याच उतारावर एकापुढे एक उभं आहे.

डोंगर काळ्या पाषाणाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर घाटमाथ्यावर आडवे पसरलेले दिसतात, ते पनवेलच्या परिसरात पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कलतात. मुंब्रा-कळव्यापासून बेलापूरपर्यंत दक्षिणोत्तर गेलेली पारसिकची रांग याच पट्ट्यातली. पावसाळ्यात अरबी समुद्रावरचे ढग या रांगेला अडतात. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत घणसोली-रबाळ्याच्या वरच्या अंगाला गवळीदेवाच्या डोंगरावर धबधबे सुटतात आणि शहरातली पोरं तिकडे धाव घेतात. पावणे, तुर्भे, बोनसरीच्या बाजूला मात्र डोंगराचा बराच भाग खाणींनी खाल्ला. वाशी, नेरुळ, कोपरखैरणे इथल्या इमारती उभ्या राहत असताना याच डोंगराची खडी क्रशरमधून निघून खाली गेली. कापलेले उभे कडे आजही रस्त्यावरून दिसतात. शहराने आपला पाया स्वतःच्याच उशाशी असलेल्या डोंगरातून काढला. ही किंमत शहराच्या हिशेबात कुठेच लिहिलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

डोंगर आणि खाडी यांच्यामधली जमीन आगरी-कोळी गावांची. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, कोपरखैरणे, खैरणे, बोनकोडे, पावणे, तुर्भे, सानपाडे अशी ही माळ. वरच्या बाजूला पावसाच्या पाण्यावर भात, रानातला जळणफाटा आणि गुरांची चराई. खालच्या बाजूला खाजण. तिथे भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची, ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला बंद करायची. अशा खाऱ्या जमिनीत ‘राता’सारखं लाल दाण्याचं भात तग धरतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने याच प्रकारच्या जमिनीसाठी पुढे सुधारित वाण काढले. जिथे भात होत नसे तिथे मिठागरं. खाडीत निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी, बोईट, नशिबाने एखादा जिताडा. एकच घर वर्षभरात शेतकरी, मीठ पिकवणारं आणि मासे धरणारं, तिन्ही असे. या गावांतल्या लग्नांत धवलारीण धवले गाते, घरोघरी हळदीला रात्र जागते. ते जगणंही याच खाऱ्या मातीतलं.

हा किनारा आडबाजूचा कधीच नव्हता. बेलापूरचा किल्ला सिद्दी, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या हातांतून गेला. १७३० च्या दशकात चिमाजी अप्पांच्या मोहिमांत मराठ्यांनी तो घेतला आणि १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. याच माळेतल्या घणसोलीने स्वातंत्र्यलढ्यात मोठा भाग घेतला. त्या गावात आजही तो इतिहास अभिमानाने सांगितला जातो.

बदल आधी वरून आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झालं आणि ठाणे खाडीच्या पलीकडचा हा पट्टा कारखान्यांसाठी निवडला गेला. ट्रान्स ठाणे क्रीक, म्हणजे आजची टीटीसी वसाहत. मुंबईच्या जवळ, पण मुंबईच्या बाहेर. मागे डोंगर, पुढे सांडपाणी सोडायला खाडी. त्या काळच्या विचाराने रसायन उद्योगाला याहून सोयीची जागा नव्हती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नोसिल कंपनीचा पेट्रोकेमिकल प्रकल्प सुरू झाला. रसायनं, औषधं, रंग, अभियांत्रिकी असे कारखाने ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. पावण्याची वरची जमीन या वसाहतीत गेली.

खालची जमीन सिडकोने घेतली. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना मांडली. ते शहर वसवण्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरली. १९७३ मध्ये वाशीचा पहिला खाडीपूल झाला, १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल आली आणि त्याच वर्षी १ जानेवारीला नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. पावण्यासारख्या गावाच्या नशिबी दोन मालक आले. वर एमआयडीसी, खाली सिडको आणि मधे गावठाण.

या भागातल्या माणसाशी दहा मिनिटं बोललात तर ‘गरजेपोटी’ हा शब्द येतोच. जमीन गेली, कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द मात्र जुन्या मापाचीच राहिली. मग मुलांसाठी, नातवंडांसाठी आणि पुढे भाड्याच्या उत्पन्नासाठी घरं बांधली गेली. कागदावर ती अनधिकृत. गावात त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या, उरणजवळच्या जासईतल्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. २०२२ मध्ये शासनाने गरजेपोटीच्या घरांबाबत निर्णय काढला, तरी प्रत्यक्ष मोजणी, हद्द आणि दर यांवरची घासाघीस संपलेली नाही. जमिनीचा प्रश्न घरांपुरताच नव्हता. पावणे एमआयडीसीतल्या बावखळेश्वर मंदिराच्या अतिक्रमणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये ते बांधकाम पाडण्यात आलं. ज्यांच्या पूर्वजांची शेतं इथे होती, त्यांना अतिक्रमणाची नोटीस वाचावी लागते, हे कायद्याच्या भाषेत सरळ असेल. माझ्या मनाला ते सरळ वाटत नाही.

आता पाण्याकडे. पारसिकवरून उतरणारे ओहोळ औद्योगिक वसाहतीतून वाहत येतात, रस्त्याखालून आणि रुळांखालून पुढे सरकतात आणि कोपरखैरणे-वाशीच्या बाजूला खाडीला मिळतात. नकाशात त्यांना नाला म्हणतात, पावणे नाला. उगमाशी ती पावसाळी नदी आहे, हे आपण सगळे विसरलो आहोत. कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणारं सामायिक केंद्र या वसाहतीत आहे आणि त्याने परिस्थिती पूर्वीपेक्षा सुधारली. तरीही नाल्याचं पाणी कधी लालसर, कधी फेसाळ दिसल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. हिवाळ्याच्या रात्री वारा पडला की डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या या पट्ट्यात हवा कोंडून राहते. मग कोपरखैरणे आणि वाशीतले रहिवासी उग्र वासाने खिडक्या लावून घेतात. ज्या भूगोलामुळे ही जागा कारखान्यांना सोयीची वाटली, तोच भूगोल रात्री माणसांना जाचतो.

सिडकोची वसाहत ज्या खाजणावर उभी राहिली, ते भरतीच्या पातळीपेक्षाही खाली होतं. म्हणून अभियंत्यांनी हॉलंडची पद्धत आणली. खाडीकाठी धारण तलाव बांधले आणि त्यांना झडपा बसवल्या. भरतीला झडप मिटते, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडप उघडते आणि पाणी खाडीत जातं. आगऱ्यांची उघाडी याच तत्त्वावर चालायची. गाळ साचून या तलावांत तिवरं उगवली, आणि तिवरांना कायद्याचं संरक्षण असल्यामुळे गाळ काढणं अडलं. शहर बुडू नये आणि तिवरंही जगावीत, या दोन्ही गोष्टी खऱ्या गरजेच्या आहेत. तलाव वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिले म्हणून हा पेच पडला, तिवरांनी तो पाडलेला नाही.

तिवरांचं मोल उशिरा कळलं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची तोड आणि त्यांच्यावरची बांधकामं थांबवली, २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या यादीत गेली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या गणनांत एका हंगामात लाखाहून अधिक रोहित इथे दिसले आहेत. त्यातले बहुसंख्य लहान रोहित, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळावर जगणारे. शहराच्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांनी हे शेवाळ वाढलं आणि म्हणून पक्षी आले, असं काही अभ्यासकांचं मत आहे. त्यावरून खाडी निरोगी आहे असं समजू नये. २०२४ मध्ये नेरुळच्या डीपीएस तलावात पाण्याची ये-जा अडली आणि रोहित मेले. भरतीला चिखल झाकला जातो तेव्हा त्यांना टेकायला अशाच पाणथळी लागतात. याच तिवरांत सोनेरी कोल्हेही राहतात. ऐरोलीच्या बाजूला ते शहराच्या अगदी कडेला येतात.

टीटीसीचं रूपही पालटतंय. रसायनांचे काही मोठे कारखाने बंद झाले किंवा हलले, त्यांच्या जागी महापे-घणसोली-ऐरोलीला माहिती तंत्रज्ञानाची संकुलं आणि आता डेटा सेंटरं आली. त्यांना धूर नाही, पण वीज आणि गारवा प्रचंड लागतो. महापालिकेचं पिण्याचं पाणी खालापूरकडच्या मोरबे धरणातून येतं, एमआयडीसीचं बारवी धरणातून; डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या शहराला स्वतःच्या डोंगराचं पाणी वापरता येत नाही. यात एक पाऊल मला खरोखर मोलाचं वाटतं. महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीला रोज प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेची तृतीय स्तरावरची प्रक्रिया केंद्रं उभारली, ती सांडपाणी शुद्ध करून औद्योगिक वसाहतीला देण्यासाठी. खाली गेलेलं पाणी पुन्हा वर चढवायचं, म्हणजे धरणावरचा भार तेवढा हलका होतो. हाच विचार पावणे नाल्यापर्यंत नेता येईल. डोंगरावर वनखातं, मधे एमआयडीसी, खाली महापालिका, खाडीत कांदळवन कक्ष, असे चार जण एकाच ओहोळाचे चार तुकडे सांभाळतात. त्याचा उगमापासून मुखापर्यंत एक आराखडा व्हायला हवा आणि त्या बैठकीला गावकऱ्यांनाही बोलवायला हवं. बांध, उघाडी आणि भरतीचं वेळापत्रक त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं.

हा उतार पाहायचा असेल तर कोपरखैरणे किंवा तुर्भ्याला उतरून रिक्षा करावी. डोंगर पावसाळ्यात पाहावा, मात्र खाणींच्या कड्यांपासून लांब राहावं. खाडी नोव्हेंबरनंतर. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडीने रोहित पक्षी पाहायला नेतात. होडी भरती-ओहोटीच्या वेळेनुसार सुटते, म्हणून आधी वेळ विचारून घ्यावी.