निवडक रंगाचें छायाचित्र

सोलापुरांतील यंत्रमागावर चादर विणली जात आहे. लोखंड, लाकूड, भिंत, विणकराचा सदरा, सारें करड्या छटांत बुडालेलें आणि चादर तेवढी तांबडीभडक. अशीं छायाचित्रें आतां घरोघर तयार होतात. पाहणाऱ्यास ती जादू वाटते; वस्तुतः ती जुन्याच कारागिरीची उलटी बाजू होय. रंगीत फिल्म दुर्मिळ होती त्या काळीं स्टुडिओंतील कारागीर कृष्णधवल चित्रावर बारीक कुंचल्यानें गालांची लाली नि जरीचा पिवळेपणा भरीत असे. तो रंग घालीत असे. संगणकावरील सॉफ्टवेअर, म्हणजेच संपादनाची आज्ञावली, तो काढून घेते.

संगणकाच्या लेखीं चित्र म्हणजे असंख्य ठिपके, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांचे ० ते २५५ पर्यंतचे आंकडे. रंग काढणें म्हणजे या तिहींचा मिळून एक करडा आंकडा करणें. मात्र तिघांस सारखा वांटा देऊन चालत नाहीं. मानवी डोळ्यास हिरवा सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद भासतो. म्हणून एका रूढ रीतीनें शेंकडा ३० भाग तांबड्याचा, ५९ हिरव्याचा व ११ निळ्याचा धरतात. यांतून एक चमत्कारिक गोष्ट घडते. तांबड्या पट्ट्याशेजारीं गडद हिरवा पट्टा असला, तर दोहोंचा करडा एकच होऊन जेकार्डवर विणलेली नक्षी चित्रांतून नाहींशी होऊं शकते!

रंग राखण्याचा सोपा उपाय म्हणजे आज्ञावलीस केवळ तांबडा ठेवण्यास सांगणें. तो येथें फसतो. रंगचक्राच्या ३६० अंशांत तांबडा शून्यावर असतो, आणि माणसाची कातडी, गोरी असो वा सांवळी, त्याच्याच शेजारच्या नारिंगी भागांत मोडते. त्यामुळें चादरीबरोबर विणकराचे हातहि रंगीत राहतात, लाकूड राहतें, लोखंडावरचा गंजहि राहतो.

म्हणून जाणता मनुष्य थरांचा मार्ग धरतो. फोटोशॉपमध्यें थरांची सोय १९९४ सालीं आली. गिम्प या विनामूल्य आज्ञावलींतहि ती आहे. मूळ रंगीत चित्र खालीं ठेवावें, त्याची कृष्णधवल प्रत वर पसरावी आणि वरच्या थरास मास्क जोडावा. मास्कवर काळा कुंचला फिरेल तेथें वरचा थर नाहींसा होऊन खालचा रंग प्रकटतो. हात चुकल्यास पांढरा फिरवावा, म्हणजे तो पुन्हां झांकला जातो. मूळ चित्रास धक्का लागत नाहीं. चादरीच्या दशांपाशीं कुंचला मऊ हवा. शिवाय तांबड्या कापडाची आभा जवळच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलेली असते. ती अजिबात पुसली तर चादर कातरून चिकटविल्यासारखी दिसते. तेथें मास्कवर करड्या रंगाचा हलका हात द्यावा.

इतकें साधल्यावर प्रश्न उरतो तो हातांचा. चादर रंगीत आणि ती विणणारे हात करडे, हें चित्र दुकानाच्या जाहिरातीस शोभेल. विणकराच्या घरीं भिंतीवर लावावयाचें असेल, तर चादर करडी करून हात रंगीत ठेवणें अधिक न्याय्य. आज्ञावलीच्या फसलेल्या पहिल्या प्रयत्नांत ते आपण होऊनच रंगीत राहिले होते, ही मौजेची गोष्ट.

संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेंत नंदीध्वज धरणारे भक्त पांढऱ्या बाराबंदींत असतात; तेथें रंग काढण्याचें अर्धें काम मिरवणुकीनेंच केलेलें असतें. परंतु फुलांच्या माळांखेरीज सारें करडें केलेलें तें चित्र यात्रेची बातमी म्हणून छापावयाचें असल्यास, रंग काढले आहेत अशी ओळ त्याखालीं अवश्य असावी.