तळ्यापर्यंतची वीज: फ्यूज मोटार राखतो, माणूस नाही



शेततळे झाले, पाणी भरले, की पुढची गरज विजेची. मीटरची पेटी खांबाजवळ आणि तळे दोनशे मीटरवर. मग साधी केबल आणायची, बांधावरून, कुंपणावरून, मध्ये दोन-चार बांबू रोवून ती तळ्यापर्यंत न्यायची आणि मोटार सुरू करायची, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. मोटार चालते म्हणजे काम नीट झाले, असे आपण धरून चालतो. पण त्याच काठावर घरची माणसे हातपाय धुतात, जनावरे पाण्यावर येतात, मुले डोकावतात. म्हणून केबलचा विचार आधी माणसाच्या जिवाच्या अंगाने करावा आणि मग मोटारीच्या.

फ्यूज का पुरत नाही?

"पेटीत फ्यूज आहे, काही झाले तर उडेल," असे आपण म्हणतो. हिशेब करून पाहा. 5 अश्वशक्तीची थ्री फेज मोटार साडेसात अँपिअरच्या आसपास वीज घेते. तिला 15 अँपिअरचा फ्यूज घातला आहे असे धरू. सोललेल्या केबलला ओल्या अंगाच्या माणसाचा हात लागला, तर 230 व्होल्टला त्याच्या अंगातून सुमारे पाव अँपिअर वीज जाऊ शकते. माणसाचा जीव जायला तेवढी पुरे. फ्यूजला मात्र तिचा पत्ताही लागत नाही.

अर्थिंग आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला आणि त्याचा रोध 20 ओहम झाला, तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअरच वीज जमिनीत जाईल. 15 चा फ्यूज उडणार नाही आणि पंपाच्या लोखंडी पाइपात उतरलेला करंट तसाच राहील.

तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरला असेल तर धोका आणखी वाढतो. कागदामुळे पाणी जमिनीपासून तुटलेले असते. बुडालेल्या मोटारीतून किंवा जोडातून वीज पाझरली, तर तिला जमिनीत जायला धड वाट मिळत नाही. काठाच्या ओल्या मातीत उभा राहून जो पाण्यात हात घालील, तोच तिची वाट होतो. म्हणून तीन फेजच्या तारांबरोबर अर्थिंगची चौथी तार मोटारीपर्यंत गेलीच पाहिजे.

30 मिलिअँपिअरचा राखणदार

यावरचा उपाय म्हणजे आरसीसीबी. जाणारी आणि परत येणारी वीज तो सतत तोलत असतो. दोन्हींत 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या तेहतिसाव्या भागाएवढा फरक पडला, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. अर्थिंग चांगले असेल तर माणसाचा हात लागण्याआधीच तो पडतो. अर्थिंग आणि आरसीसीबी ही बैलजोडी आहे, एकावर भागत नाही.

थ्री फेजसाठी चार पोलचा घ्यावा आणि तो तळ्याजवळ न बसवता मीटरच्या बाजूला बसवावा, म्हणजे जमिनीतली केबलही त्याच्या राखणीत येते. फ्यूज किंवा एमसीबी आहे तसा राहू द्यावा. महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबून पाहावे. वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकू नका, वीज कुठे गळते ते शोधा. अर्थिंगचाच न्यूट्रल करून दिवा लावण्याची खोड असेल तर तीही सोडावी लागेल.

चर कसा घ्यावा?

केबल आर्मर्ड, म्हणजे पोलादी तारांचे कवच असलेली घ्यावी. उंदीर-घुशीचे दात आणि कुदळीचा घाव साध्या केबलला सोसत नाही. या कवचालाही अर्थिंग जोडावे लागते. जाडी अंतर पाहून ठरवा. 5 अश्वशक्ती आणि 200 मीटर अंतराला 2.5 चौ. मि.मी. तांब्याच्या केबलमध्ये सुमारे 20 व्होल्ट वाटेतच जातात. 4 चौ. मि.मी. तांबे किंवा 6 चौ. मि.मी. अॅल्युमिनियम घेतले तर 12 च्या आसपास.

चर 75 सें.मी., म्हणजे अडीच फूट खोल घ्यावा. गाडीवाटेखाली तो 1 मीटर करून केबल पाइपातून न्यावी. तळाला तीन बोटे वाळू, तीवर केबल, पुन्हा वाळू, वर आडव्या विटा आणि मग माती. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून केबल ताणून न टाकता किंचित नागमोडी टाकावी. जमिनीत जोड नको, सलग केबलच आणा. चर तळ्याच्या भरावातून काढू नका. भराव फोडला की पाणी झिरपण्याची भीती. केबल जिथे जमिनीबाहेर येते तिथे ती पाइपात घालून पाइपाचे तोंड बंद करा.

वरून दगड रोवून खुणा करा आणि मार्गाचा कच्चा नकाशा सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. साधा नांगर अडीच फुटांवर पोचत नाही, पण जेसीबीला खोलीचे बंधन नाही. पुढे जमीन मुलाकडे किंवा वाटेकऱ्याकडे गेली, तरी केबल कुठे आहे ते त्याला कळले पाहिजे. जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या.

रात्रीची पाळी आणि दुरुस्ती

लाइट नाही म्हणून पाण्यात उतरून फुटबॉलमधला कचरा काढू नका. स्टार्टर ऑटोवर असेल तर लाइट येताच मोटार आपोआप फिरते. मेन स्विच पाडा, किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा, आणि मगच काठावर जा. मोटार केबलला धरून कधी ओढू नये, दोर वेगळा बांधावा.

कुणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. मग बाहेर घेऊन श्वास पाहा, थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करा आणि 108 ला फोन लावा. घरातल्या बायामाणसांना आणि जाणत्या मुलांना मेन स्विच कुठे आहे, तो कसा पाडायचा, हे आजच दाखवून ठेवा. वेळ येईल तेव्हा पेटीजवळ कोण असेल, हे सांगता येत नाही.

चराचे काम रब्बी निघाल्यावर, रान मोकळे असताना करावे, म्हणजे पहिल्या पावसाआधी माती बसते. अडीच फूट खोदायला दोन दिवस जास्त लागतील, पण तेवढ्यावर अख्ख्या घराची काळजी मिटते.