लेखांक १४ : हुंकार कोणी द्यावा?

गेल्या आठवड्यात दिलेल्या वचनाप्रमाणे आज उजेडाविषयी, म्हणजे भरदुपारी तलावाच्या पाळीवर बसलेल्या माणसाचा चेहरा काळवंडू न देता त्याच्या पाठीमागचे चकाकते पाणी चित्रात कसे राखावे याविषयी, लिहावयाचे होते. परंतु मध्यंतरी अर्जुनी-मोरगावकडील एका शिक्षक वाचकांचे पत्र आले, आणि त्यांतील एका साध्या पृच्छेने माझ्या मनात वर्षानुवर्षे दबा धरून बसलेला एक विषय असा काही डिवचला गेला की उजेडाला आठवडाभर ताटकळत ठेवण्यावाचून इलाज उरला नाही. ते विचारतात : "अनुबोधपटांत माणसे बोलताना दिसतात, पण त्यांना विचारणारा कोठेच ऐकू येत नाही. तो जातो कोठे?"

तो जातो कात्रीखाली, हे सरळ उत्तर. आणि आपण कात्रीखाली जाणार हे ठाऊक असल्यामुळे तो आधीपासूनच स्वतःला पुसून टाकण्याच्या तयारीने बसतो. प्रश्न गाळल्यावर नुसते "होय, तीन वर्षे" एवढेच उरले तर प्रेक्षकाला काय बोध होणार, म्हणून तो समोरच्यास "माझा प्रश्न तुमच्या उत्तरात गुंफा" अशी विनंती करतो, आणि जन्मभर मासे धरलेला मनुष्य चौथीच्या परीक्षेस बसल्यासारखा पूर्ण वाक्यांत उत्तरे देऊ लागतो. दुसरा दंडक याहून कडक आहे : समोरचा बोलत असताना तोंडातून अवाक्षर काढावयाचे नाही, नुसती मान डोलवावयाची, कारण त्याच्या शब्दावर आपला "हं" पडला तर दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळतात की पुढे संकलनाच्या मेजावर ते वेगळे करणे दुष्कर होते. मीही हे व्रत निष्ठेने पाळीत असे. ते मोडले नवेगाव बांधला.

हिवाळ्यातील सकाळ होती, पाण्यावर बदके उतरलेली होती, आणि पाळीच्या आतल्या उतारावर, डोंग्याला टेकून, एक वृद्ध ढिवर बाबाजी जाळ्याची भोके सांधीत बसले होते. हाताला काम असले की जीभ सैल सुटते हा माझा जुना अनुभव असल्यामुळे मी त्यांना जाळे खाली ठेवावयास सांगितले नाही. (यात एक संकट असते, ते लक्षात ठेवावे : भोक लहान होत जाते, आणि बोलण्याचा मधला भाग कापला की न विणलेली गाठ एकाएकी विणलेली दिसते.) कॅमेऱ्याची तिपाई पार जमिनीलगत आणली, कारण खाली बसलेल्या माणसावर वरून भिंग रोखले की तो कचेरीत उभ्या केलेल्या इसमासारखा दिसतो. विषय होता मालगुजारीच्या काळातील मासेमारीचा. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात येऊन तलाव सरकारजमा झाले, त्याच्या आधी धन्याच्या वाड्यावर कोणता मासा पोहोचवावा लागे, हे बाबाजींनी वडिलांच्या तोंडून ऐकलेले होते, आणि ते छान रंगात आले होते. मी मान डोलवीत होतो. बाबाजींची नजर जाळ्यावर. शिवाय ती अधू. चार वाक्ये झाली आणि ते थांबले. सुई हवेत धरून त्यांनी विचारले, "झोपला का बाप्पा? आयकून रायला ना?"

मी गडबडून पुन्हा मानच डोलविली! तेव्हा बाजूला उकिडवा बसलेला त्यांचा नातू "हाव" म्हणाला, आणि सुई चालू झाली, गोष्टही चालू झाली. पुढची चाळीस मिनिटे तो पोरगा प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हाव" म्हणत होता, आजोबांच्या स्वरात चढ आला की त्याचाही "हाव" चढत होता, आणि कानाला यंत्र लावून बसलेला आमचा ध्वनिमुद्रक माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावीत होता.

आपल्याकडे गोष्ट एकट्याने सांगितली जातच नाही. आजीची गोष्ट हुंकाराशिवाय पुढे सरकत नसे. हुंकार थांबला की पोर झोपले असे समजून ती गोष्ट मिटवून ठेवी. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी "जी जी" करतात, गोंधळात मुख्य गोंधळ्याला प्रश्न करणारा जोडीदार असतो. जेथे एक बोलतो, दुसरा मुकाट लिहून घेतो, आणि खाली आंगठा उठवून घेतला जातो, त्या प्रकाराला आपण जबानी म्हणतो. मान डोलविणारा मी बाबाजींची जबानी घेत होतो. गोष्ट त्या पोराने ऐकली.

जबानीची ही पद्धत चित्रपटात आली तेव्हा मात्र ती क्रांतिकारक होती, हेही नमूद केले पाहिजे. १९३५ साली लंडनच्या गलिच्छ वस्तीतील भाडेकऱ्यांना ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ या लघुपटात थेट कॅमेऱ्याशी बोलते केले गेले, तोवर गरिबांविषयी केवळ निवेदक बोलत असे. त्या भाडेकऱ्यांचा विश्वास संपादन करणारी रूबी ग्रिअर्सन पडद्यावर कोठेच नाही. ध्वनिमुद्रणाची हलकी यंत्रे आल्यावर, १९६१ साली, रूश आणि मोरँ हे दोघे फ्रेंच दिग्दर्शक आपल्याच चित्रपटात प्रश्न विचारताना दिसू लागले. पुढे १९८५ च्या ‘शोआ’ या नऊ तासांहून दीर्घ चित्रपटात क्लोद लान्झमान यांनी स्वतःचा प्रश्न, दुभाषिणीचे भाषांतर आणि उत्तर हे सारे जसेच्या तसे राहू दिले. त्या विलंबात प्रेक्षकही ऐकणारा होतो. आणि त्याच वर्षीच्या ‘हमारा शहर’मध्ये, मुंबईच्या पदपथावर छप्पर मोडून पडलेली एक बाई चित्रे घेऊन नाव कमावणाऱ्यांना जे खडसावते, ते आनंद पटवर्धन यांनी कापले नाही. विचारणारा कात्रीतून वाचला तर त्याच्यावरही प्रश्न उलटतो, आणि मला वाटते, त्याला कात्रीखाली पाठविण्याची आपली घाई पुष्कळदा याच भीतीपोटी असते. ध्वनीची अडचण हे सभ्य निमित्त.

अडचण खोटी नाही, पण तिला तोड आहे. तेव्हापासून मी बोलणाऱ्याच्याच गोतावळ्यातला एक हुंकारकरी निवडतो, त्याला भिंगाच्या अगदी लगत, गुडघा तिपाईला टेकेल असा बसवितो, म्हणजे सांगणाऱ्याची नजर त्याच्याकडे वळली तरी चेहरा अर्धा हरवत नाही. आणि त्याला वेगळा मायक्रोफोन देऊन त्याचा आवाज वेगळ्या पट्टीवर घेतो, म्हणजे पुढे तो बऱ्याच अंशी खाली आणता येतो. मी स्वतः जरा मागे सरतो. हुंकारकरी निवडताना एक पथ्य : गावचा पुढारी नको, कारण त्याच्या देखत सांगणारा त्याला रुचेल तेच सांगतो, आणि मग त्यापेक्षा जबानी बरी. लहान पोर किंवा समवयस्क मित्र सर्वांत उत्तम. सांगणाऱ्याचे चुकले तर मित्र "तसं नाही, त्या साली नाही" म्हणून अडवितो, आणि तो तंटा कोणत्याही उत्तरापेक्षा बोलका असतो.

या तलावाच्या काठी हा धडा शिकणारा मी काही पहिला नव्हे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथे राहिले, माधवराव पाटील डोंगरवारांच्या संगतीत हिंडले, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिते झाले. पाटलांकडचे अरण्यज्ञान प्रश्नावली पुढे करून मिळाले असते असे मला वाटत नाही.

बाबाजींच्या चाळीस मिनिटांतून मी त्या पोराचा एकही "हाव" पुढे काढला नाही. आमच्या संकलकाने सतरा ठिकाणी खुणा करून दिल्या होत्या. त्या मी पुसल्या.

पत्रलेखक गुरुजींना एक उलट विनंती. झाडीपट्टीत हा हुंकार "हाव"ने दिला जातो हे मी ऐकले. आपल्या गावी, आपल्या घरी तो कोणत्या शब्दाने देतात, हे सर्वच वाचकांनी कळवावे. उजेडाचे पुढच्या आठवड्यात नक्की.