ढगाआडचं ग्रहण

मैत्रिणींनो, रविवारी, ७ सप्टेंबर २०२५ला, भाद्रपद पौर्णिमेचं खग्रास चंद्रग्रहण होतं. रात्री ९:५७ला पृथ्वीची गडद सावली चंद्रावर चढू लागली. साधारण ११ ते १२:२२ चंद्र तांबूस होता, कारण आपल्या हवेतून वळलेला लाल उजेड त्याच्यावर पडतो. अशा ग्रहणाला आभाळ भरलं तरी लगेच झोपू नका, तेवढ्या वेळात एखादी फट मिळू शकते. साध्या डोळ्यांनी बघा, इजा नाही.

फोटोसाठी मोबाईल धान्याच्या पोत्यावर टेकवा. फ्लॅश बंद, टायमर ३ सेकंद. उजळ चंद्रावर बोट ठेवून उजेड कमी करा. तांबूस झाला की नाईट मोड.

आणि गरोदर सुनेला उपाशी कोंडू नका हो! सावलीनं बाळाला काही होत नाही, उपाशीपोटी तिलाच चक्कर येईल. जेवू घाला, अंगणात खुर्ची द्या. त्या रात्री ग्रहण १:२६ला सुटलं. तिला झोप आली तर आधीच जाऊ द्या.